चौथा हं

नुसत्या 'हं'वरून समोरचा माणूस ऐकतोय की नाही, हे तो डोळे मिटून सांगू शकत होता, आणि मंगळवारी सकाळी स्टाफरूममध्ये त्याने ते सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं. अकरा वर्षं एकाच विषयावर घासल्यावर माणसाला एवढं बोलायचा हक्क असतो. शुक्रवारी अकरा वाजता त्याच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती, प्रबंध बांधून झाला होता, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटली होती, आणि चहाचा दुसरा कप चालू होता. "माणसं बोलतात कशी यावर जगात ढिगाने काम झालंय," तो म्हणाला, "ऐकतात कशी, याला कुणी हात घातला नव्हता. फोनवर, रांगेत, घरात आपण 'हं' म्हणतो ना, ते चार प्रकारचे असतात. चारच. पहिला पोचपावतीचा, दुसरा पुढे ढकलणारा, तिसरा पळपुटा, आणि चौथा..." समोर बसलेले भूगोलवाले 'हं' म्हणाले. "घ्या," तो टाळीसाठी हात पुढे करत म्हणाला, "हाच चौथा. पूर्ण ऐकल्याचा. एक पूर्णांक दोन सेकंद, शेवटी आवाज खाली उतरतो. हे आत्ता जिवाचा कान करून ऐकतायत." भूगोलवाल्यांनी मान वर केली. "काय म्हणालात? माझं जरा लक्ष नव्हतं." सगळी स्टाफरूम हसली, तोही हसला, हात मात्र तसाच हवेत राहिला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या कारकून बाई होत्या. "सर, शुक्रवारचं ते तुमचंच ना? बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलंय. स्कॅन करून पाठवते म्हटलं तर स्कॅनर बंद आहे, म्हणून वाचून दाखवते. 'पान एकशे सत्तेचाळीस. एकच प्रश्न आहे. उमेदवाराने मूळ ध्वनिमुद्रण सोबत आणावे.' झालं." त्याने विचारलं, "एवढंच?" "खाली सही आहे." "आणखी काहीच नाही?" बाईंनी कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. "सहीखाली रेघ आहे सर. दोन रेघा आहेत." दोन रेघांचं त्या काय करणार होत्या आणि तो तरी काय करणार होता, पण फोन ठेवल्यावर त्याला सगळ्यात जास्त टोचल्या त्या दोन रेघाच. बाहेरच्या परीक्षकांना त्यांच्या क्षेत्रात सगळे 'कात्री' म्हणत. त्यांनी एका उमेदवाराला म्हणे त्याचंच ऋणनिर्देशाचं पान मोठ्याने वाचायला लावलं होतं, चारदा. तो आता वह्या-पेनांचं दुकान चालवतो आणि सुखात आहे, असं सांगणारा प्रत्येक जण 'सुखात आहे' हे जरा घाईने सांगत असे. पहिला परीक्षक पास करतो, दुसरा नापास करतो, कात्री विचारतात. आणि विचारतात तेव्हा उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. तो कॉलेजात हंगामी होता. जूनपर्यंत पदवी हातात नसेल तर जुलैपासून त्याच्या जागी दुसरा माणूस, असं प्राचार्यांनी त्याला अत्यंत प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. खांद्यावर त्या हाताचं वजन अजून होतं.

पान एकशे सत्तेचाळीस त्याला पाठ होतं. तरी त्याने ते उघडलं, आणि पाठ असलेल्या पानाकडे नीट बघितलं की जे होतं तेच झालं. अक्षरं ओळखीची राहिली आणि वाक्यं परकी व्हायला लागली, आरशात आपलंच तोंड फार वेळ बघितल्यासारखी. प्रबंधाचा सगळा डोलारा त्या एका पानावर उभा होता. पाचशेबारा तासांच्या मुद्रणात पहिले तीन हं पैशाला पासरी सापडले होते, चौथा फक्त एका ठिकाणी. मुद्रण क्रमांक सतरा, स्त्री आणि पुरुष, पती-पत्नी, वय अनुक्रमे चौसष्ट आणि एकाहत्तर, रविवार दुपार, चौथ्या प्रकारचे चौदा हुंकार. ते पती-पत्नी म्हणजे त्याचे आईबाबा, हे प्रबंधात कुठेच नव्हतं; शास्त्रात आईबाबा नसतात, क्रमांक असतात. पण अर्पणपत्रिकेत तो घसरला होता. 'ज्यांना ऐकता येत होतं त्या बाबांना,' असं त्याने लिहिलं होतं, आणि ते टाइप केल्यावर दोनदा मोठ्याने वाचलं होतं. कारण बाबा आयुष्यभर वर्तमानपत्राच्या मागे राहिले. त्याने नऊ वर्षांचा असताना वर्तमानपत्राला सांगितलं होतं की मला शाळेत एक मुलगा रोज मारतो, आणि वर्तमानपत्र 'हं' म्हणालं होतं, एक पान उलटलं होतं, आणि पुन्हा 'हं' म्हणालं होतं. तो पळपुटा होता, हे त्याला बत्तीस वर्षांनी मोजून कळलं. अशा माणसाने म्हातारपणी का होईना, एका दुपारी आपल्या बायकोचं चौदा वेळा मनापासून ऐकलं, हे मुद्रण सतराने सिद्ध केलं होतं. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांना तो हेच सांगत होता. माणसं 'हं' म्हणत होती.

बुधवारी बायकोने त्याची तयारी घेतली. ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची, त्यामुळे अडलेल्या गोष्टीवर नेमका कुठे जोर द्यायचा हे तिला कळत असे. ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि तो जेवणाच्या टेबलाशी उमेदवारासारखा ताठ बसला होता. "विचारते हं," ती म्हणाली. "या सगळ्याचा उपयोग काय?" तो म्हणाला, "असं विचारत नाहीत." "मग कसं विचारतात?" "'प्रस्तुत संशोधनाची उपयोजनक्षमता' असं विचारतात." "बरं. त्या क्षमतेचं काय?" तो सांगायला लागला. श्रवण, सहभाग, कुटुंबसंस्था. इस्त्रीची वाफ मधूनमधून सुस्कारा सोडत होती. पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "ऐकतेयस ना?" "हं." "हा दुसरा होता." "अरे बाबा, कॉलर जळत होती. तुझ्याशी बोलायचं म्हणजे घशात थर्मामीटर घालून बोलल्यासारखं आहे." मग इस्त्री उभी ठेवून ती म्हणाली, "आणि त्यांनी ते मुद्रण सोबत आणायला का सांगितलंय? पानावर सगळं लिहिलेलं आहे ना? तू शेवटचं कधी ऐकलंस ते?" आणि या प्रश्नावर, जो कात्रींनी विचारला नव्हता, ज्याची तयारी कुठल्याच पुस्तकात नव्हती, त्याच्या लक्षात आलं की त्याने ते कधीच ऐकलेलं नाही. मुद्रण झालं तेव्हा तो समोर बसून नोंदी करत होता. नंतर टायपिस्टने ते कागदावर उतरवलं आणि प्रोग्रॅमने प्रत्येक हुंकाराची लांबी मोजून तक्ता दिला. त्याने तक्ता वाचला, कागद वाचला. ऐकायचं काही उरलंच नव्हतं.

त्याने मार्गदर्शक सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन आता कुंड्यांतली छोटी झाडं वाढवत होते, आणि त्यांचा आवाजही हल्ली छाटून बुटका केल्यासारखा यायचा. "सर, मुद्रण मागितलंय." पलीकडे बराच वेळ कात्रीचा कचकच आवाज आला. खरोखरच्या कात्रीचा, ते फांदी कापत होते. त्याने मात्र फोन कानापासून जरा लांब धरला. "हे बघ," सर म्हणाले, "विचारतील तेवढंच सांगायचं. आपणहून काही कबूल करायचं नाही." "पण सर, मी कबूल करण्यासारखं काही केलंच नाहीये." "मग तर अजिबातच करू नकोस," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी घर रिकामं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं, थांबून थांबून, जणू प्रत्येक घावानंतर विचार करत होतं. त्याने हेडफोन लावले. आधी खोली ऐकू आली. आईबाबांच्या स्वयंपाकघराचा तो विशिष्ट पोकळ आवाज, फ्रिजची घरघर, खुर्ची सरकल्याचं कुरकुरणं. बाबा खोकले. आई म्हणाली, "हे चालू केलंस का? मग आम्ही काय बोलू?" आणि त्याचा स्वतःचा आवाज, सहा वर्षांनी तरुण आणि असह्य शहाणा: "मी इथे नाहीये असं समजून बोला." बाबा म्हणाले, "तू कधी होतास?" तो एकटाच हसला. मग भांड्यांचा आवाज, आई कुणाच्या तरी बदलीबद्दल बोलत होती, बाबांचा एक पळपुटा, आणखी एक पळपुटा. सहाव्या मिनिटाला चपला फटफटल्या. दार उघडलं. दार लागलं. कागदावर याचा उल्लेख नव्हता. टायपिस्टला शब्दांचे पैसे मिळत, दारांचे नाहीत. आई बोलतच राहिली, जरा हळू आवाजात. आणि मग पहिला चौथा हं आला, एक पूर्णांक दोन सेकंद, शेवटी खाली उतरलेला, तक्त्यात होता तसाच सुंदर. तो माइकच्या इतका जवळ होता की श्वास ऐकू येत होता. त्या श्वासाच्या मागे बॉलपेनची कुरकुर होती. माइकशेजारी बसून पेनने लिहिणारा त्या घरात एकच माणूस होता.

त्याने हेडफोन काढले. खिळा ठोकणारा थांबला होता. त्याने पुन्हा लावले. एकतिसाव्या मिनिटापासून पुढच्या सगळ्या बोलण्याच्या जागी टायपिस्टने कंसात 'अस्पष्ट' एवढंच लिहिलं होतं. ते अजिबात अस्पष्ट नव्हतं. आई त्याला 'बाळ्या' म्हणाली होती. बाळ्या हा पहिलाच शब्द टायपिस्टला ओळखता आला नसेल, किंवा शास्त्रीय वाटला नसेल, म्हणून हळू आवाजातलं पुढचंही सोडून दिलं असेल. ती म्हणत होती, "बाळ्या, डाव्या डोळ्यापुढे काळं येतं रे हल्ली. पडदा ओढल्यासारखं, कोपऱ्यातून." हं. "यांना सांगितलं नाही, उगाच घाबरतील." हं. "दाखवू का कुणाला?" हं. "की राहू दे? वयच झालं म्हणायचं." हं. एकापाठोपाठ एक, खोल, उबदार, पूर्ण. प्रबंधात त्याने या प्रकाराचं वर्णन करताना 'वक्त्याला कवेत घेणारा' असा शब्द वापरला होता. आता ते हं त्याच्या कानात दोन्ही बाजूंनी येत होते आणि त्याला वाटत होतं की खोलीत कुणीतरी आहे, अगदी मागे, मानेजवळ, आणि ते जे काही आहे ते त्याच्या प्रत्येक विचाराला मान्यता देतंय. त्याला आठवत होती ती फक्त आपली वही. डावा रकाना वेळ, उजवा रकाना लांबी. त्या दुपारी तो आईच्या तोंडाकडे बघत होता आणि आपण हं म्हणतोय याचा त्याला पत्ता नव्हता. तो बाबांच्या हंची वाट बघत होता, इतक्या आशेने, की बाबा खोलीत नाहीत हेही त्याला दिसलं नव्हतं.

आईचा डावा डोळा त्यानंतर दीड वर्षाने गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत सांगितलं होतं, सहा महिने आधी आला असता तर काही करता आलं असतं. तेव्हा आईवर चिडलेला तोच होता. "अगं, सांगायचं नाही का कुणाला?" असं तो डॉक्टरांसमोर म्हणाला होता, आणि आई नुसती त्याच्याकडे बघत राहिली होती. म्हणजे उजव्या डोळ्याने.

त्याने आईला फोन लावला. विचारायचं एक होतं, विचारलं भलतंच. "आई, ते मी एकदा तुमचं बोलणं टेप केलं होतं, आठवतं? तेव्हा बाबा होते ना घरात?" "कुठले. तुझं यंत्र बघून सुटले ते. खाली जाऊन बसले तासभर." "मग तू कुणाशी बोलत होतीस?" "तुझ्याशी. दुसरं कोण होतं? भिंतीशी?" खालचा खिळा पुन्हा सुरू झाला. "काय काय बोललो गं आपण?" "असंच. डोळ्याचं बोललो. तू म्हणालास राहू दे, म्हणून राहू दिलं." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जसं कुणी म्हणावं की तू म्हणालास म्हणून दार लावलं. "मी म्हणालो?" "हो की. विचारलं ना तुला, दाखवू की राहू दे. पण छान ऐकत होतास हो त्या दिवशी. हं हं करत होतास. यांनी जन्मात कधी ऐकलं नाही, म्हटलं पोरगा तरी ऐकतो. उद्या माझा आवाज लागणार ना रे तिथे? मोठा लाव. मी हळू बोलते." त्याला म्हणायचं होतं, आई, मी ऐकत नव्हतो. चार शब्द होते. त्याने तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं ते त्याला आता ओळखता येत होतं. तो पळपुटा होता.

रात्री बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती एकदाही हं म्हणाली नाही, आणि त्याला ते फार बरं वाटलं. मग म्हणाली, "कात्रींना कळलंय. पेनचा आवाज पानावर कसा दिसेल ते मला माहीत नाही, पण कळलंय." "मग काय करू?" "चौथा प्रकार काढून टाक. तीन उरतात ना? तिघांवर पदवी मिळत नाही का?" त्याने हिशोब मांडला. आपणहून सांगायचं: पान एकशे सत्तेचाळीस चुकलं आहे, हुंकार माझे आहेत, प्रकरण दुरुस्त करून देतो. नियमात दुरुस्तीला सहा आठवडे मिळतात, जून गाठता येतो. प्रबंध मागे घेतला तर मात्र पुन्हा नोंदणी, पुन्हा तीन वर्षं, आणि जुलैत दुसरा माणूस. "एक शब्द बरोबर धर," बायको म्हणाली. "दुरुस्ती. मागे नाही, दुरुस्ती. म्हण बघू." "दुरुस्ती," तो म्हणाला. झोपेपर्यंत ती त्याच्याकडून म्हणून घेत राहिली, गुडघ्याचा व्यायाम घ्यावा तशी, दहा-दहाच्या तीन खेपा.

शुक्रवारी सभागृहाच्या भिंती फिकट हिरव्या होत्या, दवाखान्याच्या असतात तशा. लांब टेबल, पाण्याचे पाच ग्लास, त्यावर पाच बशा पालथ्या. बायको मागच्या रांगेत बसली होती. अध्यक्ष मधोमध, कागदात डोकं घालून. बाजूला कारकून बाई शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन. आणि टोकाला कात्री. ते इतके लहानखुरे आणि सौम्य निघाले की त्याला आणखी धडकी भरली. त्यांनी त्याच्याकडे बघून आजोबांसारखं स्मित केलं. "तुमचं काम मला फार आवडलं," ते म्हणाले. "विशेषतः चौथं प्रकरण. एकच शंका. हे चौदा हुंकार त्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांचे ना?" आणि तो, सर काय म्हणाले होते ते विसरून, बायको काय म्हणाली होती ते आठवून, म्हणाला, "नाही. माझे आहेत." सभागृहात पंख्याचा आवाज वाढल्यासारखा झाला. कात्रींनी मान डोलावली, आनंदाने नाही, दुःखानेही नाही. "मलाही तसंच वाटलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा हुंकार चौदाही वेळा एवढा एकसारखा येत नाही. लावा बघू, ऐकू या."

त्याने लावलं. मोठं लावलं. स्पीकर छताला होते, त्यामुळे आई वरून बोलायला लागली. बाळ्या, डाव्या डोळ्यापुढे काळं येतं रे. त्याचा हं सभागृहभर पसरला. कारकून बाईंनी पॅडचं झाकण लावलं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि ते कात्रींच्या बाजूला झुकून काहीतरी बोलू लागले, नियम, कलम, उमेदवाराचा कबुलीजबाब. पण इथे, डोळ्याच्या भागानंतर, गुरुवारी त्याने हेडफोन काढून ठेवले होते, आणि पुढचं तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. आई म्हणत होती की आता ती जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरते, चौदा आहेत, तेराव्या पायरीला धाकधूक होते. म्हणत होती की सुईत दोरा ओवायला तिने एक युक्ती काढलीय, सुई जिभेला लावायची, जिभेला भोक कळतं. तुझ्या त्या निळ्या शर्टाचं बटण मी तसंच लावलं, डोळे मिटून, चाचपत. टेपवरचा तो हं म्हणाला, पेन कुरकुरलं. त्याने छताकडे बघितलं. निळा शर्ट कुठे गेला, हे त्याला आठवेना.

"तर मग," अध्यक्ष म्हणाले, "मूळ निष्कर्षच उभा राहत नाही म्हटल्यावर, तुम्ही प्रबंध मागे घेताय, असं धरायचं का?"

बटण नीट लागलंय का रे, आई वरून विचारत होती. मला काही दिसलं नाही. वाकडं असेल तर सांग, मी उसवून परत लावते.

"हं," तो म्हणाला.

मागच्या रांगेत खुर्ची जोरात सरकली. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, सावकाश, कलमाचा आकडा सांगून. कात्रींनी हात कानामागे धरला होता आणि ते त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत होते. आई आता काही बोलत नव्हती, नुसती भांडी पुसत होती; पण ती उत्तरासाठी थांबली आहे, हे पुसण्यावरून कळत होतं.

"हं," तो म्हणाला.

अध्यक्षांनी वेळ लिहून घेतली, अकरा वाजून बावीस मिनिटं. कारकून बाईंनी पॅडचं झाकण पुन्हा उघडलं आणि प्रबंधाच्या तिन्ही प्रतींवर 'मागे घेतला' असा शिक्का मारला. त्यातला एक उलटा पडला, म्हणून त्याच्याशेजारी त्यांनी आणखी एक सरळ मारला.